ठाण्याची वही आणि संसदेचा कायदा

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा विषय कार्यकर्त्यांपुढे काढला की बहुधा एकच उत्तर मिळते : "सर, आपल्याकडे लपवण्यासारखे आहे तरी काय?" घर एका खोलीचे, जात शाळेच्या दाखल्यावर लिहिलेली, रेशनकार्डाचा रंगच उत्पन्न सांगून टाकणारा. खाजगीपणा ही चार भिंती असलेल्या माणसांची चैन आहे, अशी आपली समजूत झालेली आहे. वर्तमानपत्रांतली चर्चाही ती पक्की करते. तेथे हा विषय मोबाइल, बँका आणि परदेशी कंपन्या यांच्यापुरताच येतो. मला मात्र या प्रश्नाची दुसरी बाजू मांडायची आहे. खाजगीपणाच्या हक्काचा वाद या देशात सर्वोच्च न्यायालयापुढे ठळकपणे उभा राहिला तो पोलीस ठाण्याच्या वहीवरून.

ती हकिकत थोडक्यात अशी. उत्तर प्रदेशातील खडकसिंग नावाच्या इसमाला १९४१ साली दरोड्याच्या आरोपावरून पकडले होते. पुरावा नाही म्हणून सोडून दिले. पण ठाण्यात त्याच्या नावाचा 'हिस्ट्रीशीट' उघडला गेला, आणि पुढे कित्येक वर्षे पोलीस व चौकीदार रात्री-अपरात्री त्याच्या दारावर थापा मारीत, हाका मारून त्याला उठवीत, तो गावाला निघाला तर पुढच्या ठाण्याला कळवीत. १८ डिसेंबर १९६२ रोजी सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य ठरल्या; बाकीची पाळत बहुमताने कायम राहिली, आणि खाजगीपणा हा मूलभूत हक्क नाही असेही बहुमताने म्हटले. न्या. सुब्बाराव यांनी वेगळे मत नोंदवले. त्यांच्या मताला पूर्ण मान्यता मिळायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि गरिबाला भाकरी हवी, हक्काची चैन नको, हा सरकारी युक्तिवाद त्याच निकालात फेटाळला गेला.

खडकसिंग एकटा होता. आपल्याकडे जमातीच्या जमाती वहीत लिहिल्या गेल्या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारला अशी सत्ता दिली की, एखादी जमात गुन्हेगार असल्याचे अधिसूचनेने जाहीर करावे. त्या अधिसूचनेची वैधता तपासण्याची मुभा कोणत्याही न्यायालयाला नाही. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था सबंध ब्रिटिश हिंदुस्थानात नेता येऊ लागली, आणि नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही आला. (ठशांचे जगातले पहिले दप्तर १८९७ साली कलकत्त्यात उघडले, लंडनमध्ये नव्हे. साहेबाला ओळख पटवायची निकड कोणाची वाटत होती, हे यावरून कळावे.) सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली सेटलमेंट, रोजची हजेरी, गाव सोडण्यासाठी पास, हे सारे त्या वहीचेच विस्तार. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला आणि जमाती 'विमुक्त' झाल्या. पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले, त्यात मुंबई राज्याचा १९५९ चा. जमातीऐवजी व्यक्तीचे नाव लिहायचे, एवढा फरक कागदावर पडला. वहीत नावे कोणाच्या वस्तीतली येतात हे ठरवणारा हात तोच राहिला. आजही आमच्या भागात चोरी झाली की जीप आधी पारध्यांच्या पालांकडे वळते, मग चौकशी सुरू होते.

बाबासाहेबांना या प्रश्नाची जाण होती. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी मूलभूत हक्कांच्या यादीत माणसाचा देह, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांना अवाजवी झडती-जप्तीपासून संरक्षण मागितले होते. ते कलम घटनेत आले नाही. पुढे १५ सप्टेंबर १९४९ रोजी अटकेसंबंधीच्या तरतुदी घटना समितीपुढे ठेवताना, कलम २१ मध्ये जी उणीव राहिली तिची काही अंशी भरपाई व्हावी, अशी भूमिका त्यांनी घेतली. तेच आजचे कलम २२. देहाच्या व कागदाच्या संरक्षणाची जागा मात्र रिकामीच राहिली, आणि ती भरायला न्यायालयांना सदुसष्ट वर्षे लागली.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून संसदेने अलीकडे केलेले दोन कायदे एकत्र वाचले पाहिजेत. ते सुटे सुटे वाचले जातात, म्हणून त्यांचा अर्थ लागत नाही.

पहिला, फौजदारी प्रक्रिया (ओळख) अधिनियम, २०२२. त्याने १९२० चा कैद्यांच्या ओळखीचा इंग्रजी अंमलातला कायदा रद्द केला. हे विधेयक लोकसभेत २८ मार्च २०२२ रोजी मांडले गेले. मांडण्यालाच विरोध झाला, मतदान घ्यावे लागले, १२० विरुद्ध ५८. समितीकडे पाठवा ही मागणी मान्य झाली नाही. ४ एप्रिलला लोकसभा, ६ एप्रिलला राज्यसभा. इंग्रजांचा कायदा आपण किती घाईने मोडला, असे कोणी अभिमानाने म्हणेल. पण मोडून काय बांधले ते पाहावे.

१९२० च्या कायद्यात मुख्यतः बोटांचे व पावलांचे ठसे आणि छायाचित्र एवढेच होते. आता 'मापे' या शब्दात तळहाताचे ठसे, डोळ्यांची बुबुळे व दृष्टिपटल, रक्तादी जैविक नमुने व त्यांचे पृथक्करण, सही, हस्ताक्षर आणि वर्तनाची इतर वैशिष्ट्ये, एवढे सारे आले. वर्तनाची वैशिष्ट्ये म्हणजे नेमके काय, ते कायदा पुरते सांगत नाही. पूर्वी एक वर्ष वा अधिक सक्तमजुरीच्या गुन्ह्यातला इसम लागे. आता कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झालेला, अटक झालेला, प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवलेला, चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्यायला लावलेला, सगळेच आले. पूर्वी ठाणेदार, तपास अधिकारी किंवा निदान फौजदार लागे. आता हवालदारही मापे घेऊ शकतो. नकार देणे हा सरकारी कामातला अडथळा, म्हणजे नवा गुन्हा. एक सवलत आहे : सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा आणि स्त्री वा बालकाविरुद्धचा नसलेला गुन्हा असेल, तर अटक झालेल्याला जैविक नमुना नाकारता येतो. ही सवलत त्याला कोण सांगणार? ज्याला एफआयआरची प्रत मागता येत नाही, त्याने हवालदारापुढे पोटकलम सांगून रक्त द्यायला नकार द्यावा, अशी या कायद्याची कल्पना दिसते. आणि कलम ५ प्रमाणे दंडाधिकारी, तपासाला आवश्यक वाटल्यास, कोणत्याही व्यक्तीला मापे द्यायला लावू शकतो. जुन्या कायद्यात त्या व्यक्तीला त्या प्रकरणात केव्हातरी अटक झालेली असण्याची अट होती. ती गेली.

हे सारे राष्ट्रीय गुन्हे नोंद केंद्रात ७५ वर्षे राहणार. एकोणीस वर्षांच्या पोराचे ठसे तो चौऱ्याण्णव वर्षांचा होईपर्यंत. इंग्रजांची सेटलमेंटसुद्धा एवढी टिकली नाही.

ठसे देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच काथी कालू ओघड खटल्यात ठरवलेले आहे. तेव्हा कलम २०(३) चा आधार घेऊन फार लांब जाता येणार नाही. लढा द्यायचा तर तो साठवणीच्या मुदतीवर, व्याप्तीवर आणि पुट्टस्वामीने सांगितलेल्या कसोट्यांवर द्यावा लागेल : कायदा आहे काय, गरज आहे काय, आणि गरजेच्या प्रमाणात आहे काय.

येथे एक आक्षेप मी टाळू इच्छित नाही, कारण तो आपल्याच पोटातून येतो. लोकसभेतल्या चर्चेत गृहमंत्री अमित शहा यांनी गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या मानवी हक्कांचा मुद्दा मांडला होता. आपण तो हसण्यावारी नेऊ शकत नाही. अत्याचाराचे बळी आपणच आहोत. पंचनामा उशिरा, नमुने खराब, साक्षीदार फितूर, आणि शेवटी संशयाचा फायदा देऊन सुटका. ही साखळी आपल्या कार्यकर्त्यांना पाठ आहे. शास्त्रीय पुरावा आपल्याला नको कसा? हवाच. पण आरोपीची वैद्यकीय तपासणी करून नमुने घेण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीच होती, आणि २००५ च्या दुरुस्तीने डीएनए चाचणीही तीत स्पष्टपणे आली. अत्याचाराच्या खटल्यात उणीव असते ती तपास करण्याच्या इच्छेची. ती ७५ वर्षांच्या साठवणीने भरत नाही. साठवणीत कोण जाणार, हे तुरुंगाकडे पाहून ओळखावे : २०२२ च्या अखेरीस देशातल्या दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी होते, ज्यांचा गुन्हा सिद्ध व्हायचाच होता.

दुसरा कायदा, डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, २०२३. पहिल्या कायद्याने जी माहिती गोळा होते तिला या दुसऱ्या कायद्याने कुंपण घालावे, अशी साधी अपेक्षा. न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या मसुद्यात सुरक्षिततेच्या नावाखाली सूट घ्यायची तर ती संसदेच्या कायद्याने, गरजेपुरती आणि प्रमाणात असावी, असे लिहिले होते. २०१९ च्या विधेयकात हे शब्द गळले आणि केंद्र सरकारच्या आदेशाने सूट आली. खुद्द श्रीकृष्णांनी त्यावर जाहीर टीका केली. संयुक्त समितीने दोन वर्षे घेऊन डिसेंबर २०२१ मध्ये अहवाल दिला. ३ ऑगस्ट २०२२ रोजी विधेयकच मागे घेतले गेले. बरोबर एक वर्षाने, ३ ऑगस्ट २०२३ रोजी, नवे विधेयक आले. ७ ला लोकसभेत आवाजी मतदानाने, ९ ला राज्यसभेत मंजूर, ११ ला राष्ट्रपतींची संमती. पाच वर्षांच्या चर्चेचा शेवट नऊ दिवसांत.

त्यातले कलम १७ वाचावे. गुन्ह्याचा प्रतिबंध, शोध, तपास यासाठी माहिती वापरायची असेल तर नागरिकाचे बहुतेक हक्क लागू नाहीत. शिवाय सार्वभौमत्व, राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या ज्या यंत्रणेचे नाव अधिसूचित करील, ती अख्ख्या कायद्यातूनच मोकळी. गरज आणि प्रमाण हे शब्द तेथे नाहीत. म्हणजे कंपनीने तुमचा फोन नंबर सांभाळला नाही तर तिला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड; ठाण्याने तुमचे बुबुळ सांभाळले नाही तर विचारायला जागा नाही.

आणखी एक गोष्ट या कायद्याच्या शेपटीत आहे. कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातले कलम ८(१)(ज) बदलले. हा बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. पूर्वी व्यक्तिगत माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, असे काहीतरी दाखवावे लागे. आणि जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारू नये, अशी पुस्ती होती. आता नुसते 'व्यक्तिगत माहिती' म्हटले की पुरे. आमच्या क्षेत्रात याचा अर्थ सरळ आहे. कॉलेजांतून बिंदुनामावली तपासायची, कोणत्या बिंदूवर कोण नेमला गेला, अनुशेष किती, बोगस जात प्रमाणपत्रावर कोण बसला आहे, हे सारे आपण माहिती अधिकारातून खणून काढले. एका संस्थेने तर जुना कायदा असतानाच मला बिंदुनामावली 'व्यक्तिगत' म्हणून नाकारली होती. अपिलात ती द्यावी लागली. आता अपिलातही कलम ८(२) चे सार्वजनिक हित दाखवण्याचा भार व्यवहारात अर्जदारावरच येणार. ते कलम शाबूत आहे, हे लक्षात ठेवून अर्जातच त्याचा उल्लेख करावा.

माझे वडील अंगठा उठवीत. सही करता येणे हे आमच्या घरात माझ्यापासून सुरू झाले, आणि सही म्हणजे आपल्या पिढीला दास्यातून बाहेर पडल्याची खूण वाटत आली. आज रेशनच्या दुकानात, पेन्शनच्या रांगेत, अंगठाच पुन्हा मागितला जातो. आणि मजुरी करून झिजलेला अंगठा यंत्र ओळखत नाही म्हणून धान्य अडते. ज्या आधार कायद्याच्या जोरावर हे चालते, तो २०१६ साली 'धन विधेयक' म्हणून लोकसभेने राज्यसभेच्या दुरुस्त्या बाजूला सारून मंजूर केला. कायदा कोणत्या वाटेने येतो, हेही पाहायला हवे ते यासाठी.

न्यायालयांकडून अगदीच काही मिळालेले नाही असे नाही. ७ मे २०२४ रोजी अमानतुल्ला खान प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अनुसूचित जाती-जमाती व मागास वर्गांतल्या निरपराध माणसांची नावे यांत्रिकपणे हिस्ट्रीशीटमध्ये येणार नाहीत हे पाहण्यास सर्व राज्यांना सांगितले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगाच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला लावला, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले. हे दोन्ही निकाल प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्याच्या पिशवीत असावेत.

एक गोष्ट मोर्चात अटक होणाऱ्यांसाठी. १९ सप्टेंबर २०२२ च्या नियमांप्रमाणे केवळ जमावबंदी मोडल्याबद्दल किंवा प्रतिबंधक कारवाई म्हणून धरले असेल, आणि दुसरा गुन्हा नसेल, तर मापे घ्यायची नाहीत. (जमावबंदीचे जुने कलम १४४, १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत १६३.) दुसरी गोष्ट सुटून आलेल्यांसाठी. आधी शिक्षा झालेली नसेल आणि खटल्याविना सुटका, दोषमुक्ती किंवा सर्व अपिले संपून निर्दोष मुक्तता झाली असेल, तर नोंदी नष्ट केल्या पाहिजेत, असे कायदा म्हणतो; मात्र न्यायालय लेखी कारणे देऊन त्या ठेवायला सांगू शकते. नियमांनी विनंती करण्याचे काम त्या माणसावरच टाकले आहे : राज्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, त्याने पडताळून केंद्राला शिफारस करायची. निकालाची सहीशिक्क्याची नक्कल सुटकेच्या आठवड्यातच काढून ठेवावी. नंतर दप्तर जिल्ह्याला जाते, आणि एका नकलेसाठी दोन दिवसांची मजुरी बुडते.