स्कीइंगमध्ये धडाची शिस्त

बर्फाच्या उतारावर छोटी वळणे घेताना वळतात ते पाय. धड उताराच्या दिशेने तोंड करून स्थिर राहावे लागते. नवशिका नेमके उलट करतो. तो खांदे फिरवून वळू पाहतो. मग स्कीची मागची टोके बाहेर घसरतात, भार बाहेरच्या स्कीवरून आतल्या स्कीवर जातो आणि पकड सुटते.

हा दोष ज्याचा त्याला दिसत नाही, हीच खरी अडचण. तो दाखवण्यास हातातल्या दोन काठ्या पुरतात. पट्टे मनगटातून काढून, चहाचा ट्रे धरावा तशा त्या समोर आडव्या धराव्यात. काठ्या स्कीबरोबर फिरल्या, तर खांदे फिरले; एक टोक वळणाच्या आत कलले, तर शरीर आत झुकले. दुसऱ्या प्रकारात काठ्या उभ्या धरून त्यांच्या चौकटीत पायथ्याचे एखादे झाड कायम ठेवायचे.

लांब वळणात धडही थोडे वळतेच. तेथे हा नियम ताणू नये. काठ्या पुन्हा नेहमीसारख्या धरल्यावरही धड शांत राहिले, तरच सराव फळला म्हणायचे. गुलमर्ग किंवा औलीच्या सौम्य उतारावर प्रथमच उभ्या राहणाऱ्या मित्रांनी एवढे ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ पडझड टळेल.