जुना टीव्ही जातो कुठे?

घरात नवा टीव्ही आला की जुना माळ्यावर जातो. पुढे कधीतरी आपण तो भंगारवाल्याला देतो आणि विसरतो. पण तो टीव्ही संपत नाही, तो एखाद्या वस्तीत पोहोचतो. तिथे त्याची पिक्चर ट्यूब फोडतात, तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्याच्या कणांसाठी सर्किट ॲसिडमध्ये बुडवतात. जुन्या ट्यूबच्या काचेत शिसे असते. ते लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटवते. जळत्या वायरींच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषे असतात. दिल्लीचे सीलमपूर या कामासाठी देशभर ओळखले जाते.

हे विष हाताळणारे हात कोणाचे? दलितांचे, गरीब मुसलमानांचे, पोटासाठी शहरात आलेल्यांचे. गावाने मेलेली ढोरे आमच्या गळ्यात मारली. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे सोडायला सांगितले. आज शहर आपली मेलेली यंत्रे त्याच समाजाच्या दारात टाकते आहे. ढोर बदलले, ओढणारा बदलला नाही.

म्हणून भंगारवाल्याला हाकलायचे काय? मुळीच नाही. त्याची भाकरी हिरावून पर्यावरण वाचवणे हा अन्यायच होय. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यातूनच निघालेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने २००८ साली महापालिकेशी करार केला. कचरा वेचणाऱ्या बाया, बहुसंख्य दलित, ओळखपत्र घेऊन दारात उभ्या राहिल्या. संघटन केले की हे घडते.

कायदाही आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी जुन्या मालाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर टाकली आहे. या कामगारांची नोंदणी, कौशल्य प्रशिक्षण, सुरक्षा आणि आरोग्य ही राज्याच्या कामगार खात्याची जबाबदारी ठरवली आहे. आमच्या वस्तीतल्या किती कामगारांची नोंद झाली, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी त्या खात्याला लेखी विचारावा.

आणि आपण घरी काय करावे? टीव्ही, संगणक फोडू नये, अख्खाच द्यावा. मोबाईलची बॅटरी ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये, ती पेट घेते. कंपनीच्या किंवा नोंदणीकृत संकलन केंद्रातच माल द्यावा. आपल्या बुद्धविहारात महिन्यातून एक दिवस संकलन ठेवावे आणि ते काम वस्तीतल्याच वेचकांना योग्य मोबदल्याने द्यावे.

आपल्या माळ्यावरचे विष आपल्याच भावंडांच्या लेकरांच्या रक्तात उतरू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.