गोल झालेला बोल्ट : कारणे, उपाय आणि दक्षता

ट्रक गॅरेजमध्ये उभा राहिला म्हणजे मालकाचे भाडे बुडते आणि चालकाची खेप चुकते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. इंजेक्टर बदलणे, हेड उतरविणे, सायलेन्सरचा मॅनिफोल्ड काढणे या कामांना किती वेळ लागेल, हे अनुभवी मिस्त्रीस ठाऊक असते. परंतु एखाद्या बोल्टाचे डोके गोल झाले आणि त्यावर पाना धरेनासा झाला, की तासाभराच्या कामास दिवस लागतो. त्यातच घाईने हातोडा-छिन्नी चालविली गेली आणि हेडचे आटे गेले अथवा ब्लॉकला तडा गेला, तर ‘चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला’ असा प्रकार होतो.

गोव्यात ही अडचण विशेष जाणवते. वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, समुद्रावरील खारी हवा आणि खनिज वाहतुकीच्या मार्गांवरील लाल धूळ यांमुळे उघड्या बोल्टांना गंज लवकर धरतो. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे आदी तालुक्यांतील अनेक ट्रक दीर्घकाळ जागीच उभे राहिले. चालत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीचे बोल्ट अधिक घट्ट बसतात, याचा अनुभव अशा गाड्यांच्या दुरुस्तीत येतो.

डोके गोल का होते?

बोल्ट घट्ट करताना लावलेल्या जोरापैकी सुमारे निम्मा जोर डोक्याखालील घर्षणात आणि सुमारे चाळीस टक्के आट्यांतील घर्षणात खर्च होतो. उरलेला दहावा हिस्साच बोल्ट ताणून भाग आवळून धरतो. गंज चढला म्हणजे हे घर्षण कित्येक पटींनी वाढते, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो व आट्यांच्या फटीत पाचरीसारखा बसतो. अशा बोल्टावर सैल पाना लावून जोर केला, तर बोल्ट फिरण्याआधी त्याचे कोपरे झिजतात.

पाना सैल असण्याचे कारण पुष्कळदा मापांच्या घोटाळ्यात असते. एम १० बोल्टाच्या डोक्याचे माप जुन्या जर्मन पद्धतीत १७ मिलिमीटर, तर आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार १६ मिलिमीटर आहे. एम १२ चे अनुक्रमे १९ व १८ मिलिमीटर. त्यात इंची पान्यांची भर पडते. पाऊण इंची पाना १९.०५ मिलिमीटरचा असल्यामुळे १९ च्या डोक्यावर ठीक बसतो. परंतु ११/१६ इंची पाना १७ च्या डोक्यावर जवळजवळ अर्धा मिलिमीटर सैल राहतो. एवढी फट कोपरे खाण्यास पुरेशी होय. तोंड फाकलेला जुना पाना वापरल्यानेही हाच परिणाम होतो. बारा कोनी सॉकेट कोपऱ्यांजवळच दाब देतो, सहा कोनी सॉकेटचा दाब बाजूंवर पसरतो. म्हणून गंजलेल्या बोल्टासाठी सहा कोनी सॉकेटच योग्य.

बळापूर्वी तयारी

पाना एकदा निसटला की तेथेच थांबावे. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाने कोपरा उरतच नाही. प्रथम डोक्याभोवतीची माती, रंग आणि गंज तारेच्या ब्रशने काढावा. आट्यांच्या तोंडाशी भेदक तेल सोडून ते मुरू द्यावे. शक्य असल्यास रात्रभर. त्यानंतर डोक्यावर बोथट पंच ठेवून सरळ, नेमके ठोके द्यावेत. त्यामुळे गंजाचा थर फुटतो व तेल आत शिरते. काढण्यापूर्वी बोल्ट किंचित घट्ट करण्याच्या दिशेने हलवून पाहावा. त्या बाजूचे कोपरे सहसा शाबूत असतात, आणि एकदा हललेला बोल्ट पुढेमागे फिरवीत, तेल देत, काढता येतो.

उपायांचा क्रम

सौम्य उपाय आधी व कठोर उपाय नंतर, हा क्रम मोडू नये. पहिला उपाय म्हणजे एक माप लहान असलेला सहा कोनी सॉकेट डोक्यावर ठोकून बसविणे. १७ च्या झिजलेल्या डोक्यावर १६ चा सॉकेट अनेकदा पकडतो. आतून उलट्या पिळाचे दाते असलेले खास सॉकेटही बाजारात मिळतात; जोर वाढेल तसे त्यांचे दाते डोक्यात अधिक रुततात. जागा मोकळी असल्यास कानशीने डोक्यावर समोरासमोर दोन सपाट बाजू पाडून त्यांवर पाना किंवा व्हाइस ग्रिप लावावी. छिन्नीने डोक्याच्या कडेला खाच पाडून बोल्ट उलट फिरविण्याची जुनी रीत बिडाच्या नाजूक भागांजवळ मात्र टाळावी.

हे उपाय थकले म्हणजे वेल्डिंगचा आश्रय घ्यावा. डोक्यावर नवा नट ठेवून त्याच्या छिद्रातून वेल्डिंग भरले, की दोन कार्ये साधतात : पान्यास नवे सहा कोन मिळतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड सुटते. लाली गेल्यावर, पण भाग कोमट असतानाच, बोल्ट हळूहळू फिरवावा.

तेही न जमल्यास डोके ड्रिलने वा ग्राइंडरने काढून टाकावे. डोके गेले की बोल्टावरील ताण संपतो. वरचा भाग उचलता येतो आणि उरलेला दांडा व्हाइस ग्रिपने बहुधा सहज निघतो.

बोल्ट आतच तुटल्यास

तुटका बोल्ट पृष्ठभागाशी समतल असेल, तर बरोबर मध्यावर सेंटर पंचची खूण करून डाव्या फिरकीच्या ड्रिलने छिद्र पाडावे; ड्रिल करतानाच कित्येकदा तुकडा फिरून बाहेर येतो. त्यानंतर एक्स्ट्रॅक्टर वापरावा, पण बेताने. तो अतिशय कठीण व ठिसूळ असतो. आत तुटला, तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही आणि मूळ अडचण दुप्पट होते. आटे खराब झालेच, तर तारेचे नवे आटे बसवून हेड वाचविता येते.

उष्णता वापरताना

पोलाद १०० अंश सेल्सिअसने तापविले, तर मीटरमागे सुमारे १.२ मिलिमीटर प्रसरण पावते. ॲल्युमिनियम सुमारे २.३ मिलिमीटर. म्हणून नट अथवा बोल्टाभोवतीचा भाग तापविल्यास पकड सैल होते. तथापि ॲल्युमिनियम लाल न होताच ६६० अंशांवर वितळते, त्यामुळे त्याच्या भागांवर ज्योत धरणे घातक ठरते. तेथे गरम हवा पुरेशी. ज्योत पेटविण्यापूर्वी डिझेलच्या नळ्या, सांडलेले तेल व भेदक तेलाचे डबे दूर करावेत, आग विझविण्याचे साधन हाताशी ठेवावे. क्लोरीनयुक्त द्रावणाने धुतलेला भाग तापविल्यास विषारी वायू निर्माण होऊ शकतो, हे विसरू नये.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ मानके लागू झाली. अशा गाड्यांवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीच्या दोन्ही तारा व इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाची जोडणी सोडवावी, आणि अर्थिंगचा चिमटा बोल्टाच्या अगदी जवळ लावावा. अन्यथा प्रवाह बेअरिंगमधून अथवा नियंत्रकातून जाऊन मोठे नुकसान होते. छिन्नी, ग्राइंडर आणि ड्रिल चालविताना डोळ्यांवर चष्मा हवाच. बोल्ट नवा मिळतो, डोळा मिळत नाही.

पुन्हा तोच प्रसंग टाळण्यासाठी

काढलेला बोल्ट पुन्हा वापरू नये. नव्या बोल्टाच्या डोक्यावरील ८.८ किंवा १०.९ हा आकडा जुन्याशी जुळवून घ्यावा. इंजिनावर मऊ बोल्ट लावणे धोक्याचे आहे. छिद्रातील आटे टॅपने साफ करावेत. बंद छिद्रात तेल साचू देऊ नये, कारण बोल्ट आवळताना दाबलेल्या तेलाने ब्लॉक फुटू शकतो. मॅनिफोल्डच्या बोल्टांना उष्णता सोसणारे गंजरोधक वंगण लावावे आणि टॉर्क पान्याने निर्मात्याने दिलेल्या मापापर्यंतच आवळावे. वंगण लावलेला बोल्ट तेवढ्याच जोराने अधिक ताणला जातो, हेही ध्यानात ठेवावे.

गोल झालेल्या बोल्टाचा दोष पुष्कळदा शिकाऊ मुलाच्या हातावर ढकलला जातो. प्रत्यक्षात त्याच्या हाती दिलेला झिजलेला पाना अधिक दोषी असतो. गॅरेजमालकांनी फाकलेले पाने वेळीच बाद करून योग्य मापाचे सहा कोनी सॉकेट पुरविले आणि मुलांना ‘आधी माप, मग जोर’ ही शिस्त लावली, तर कित्येक गाड्यांचे खोळंबलेले दिवस वाचतील व त्यावर पोसणाऱ्या कुटुंबांची मिळकतही.