आमची जुनी जर्मन कूपे



रविवारी वर्ग सुटला की पार्किंगमध्ये आमच्या निळ्या गाडीभोवती चार-पाच मुले जमतात आणि ठरलेला प्रश्न विचारतात, "काका, एवढी जुनी गाडी का हो?" मोठ्यांचा प्रश्न जरा निराळा असतो. "अहो, तेवढ्या पैशांत चांगली कोरोला मिळाली असती की!" शेवटी बाई म्हणाल्या, एकदा काय ते लिहूनच द्या, अंकात छापू. म्हणून हा लेख.

गाडी आहे बीएमडब्ल्यू ३२८-आयएस, १९९८ सालची. कारखान्यातले या पिढीचे नाव ई-३६. तिची चार दारांची सेडान १९९० साली आली आणि कूपे १९९२ साली. त्याआधीच्या पिढीत दोन दारांची गाडी होती, तिलाही लोक कूपे म्हणतात, पण ती खरे तर दोन दारे कमी केलेली सेडानच. हिचे छप्पर, दारे, काचा सगळे वेगळे आणि दाराच्या काचेला चौकट नाही. एका ओळीत सहा सिलिंडर, २.८ लिटरचे इंजिन, १९० अश्वशक्ती, आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. मुलांनो, गाडीच्या पुढच्या काचेच्या कोपऱ्यात सतरा अक्षरे-आकडे असतात ते वाचून बघा. आमच्या गाडीचा क्रमांक 'डब्ल्यू'ने सुरू होतो, म्हणजे ती जर्मनीत बनली. तुमच्या घरच्या गाडीचे पहिले अक्षर काय आहे?

ऑक्टोबर २०१९ मध्ये ती आम्ही २,६०० डॉलर्सना घेतली. त्यातले ६०० आमच्या लेकीचे होते. ती तेव्हा नववीत होती आणि शेजारची मुले सांभाळून तिने ते साठवले होते. परवाना मिळाल्यावर हीच गाडी तिने चालवायची, असे ठरले. घरात करार झाला: गाडी धरून एकूण खर्च ५,००० डॉलर्सच्या पुढे जाता कामा नये, गेला तर आहे त्या स्थितीत विकून टाकायची. तिच्या आईची आणखी एक अट होती. ब्रेक आणि टायर नवे झाल्याशिवाय हौसेच्या एकाही वस्तूवर पैसा घालायचा नाही. या अटीवर मी तेव्हा तोंड वाकडे केले होते, आता करत नाही.

जुनी गाडी बघायला जाताना रंगाकडे बघू नये. रंग कुणीही मारून देतो. बघायचा तो पत्रा. मागच्या चाकांवरची कमान, दाराखालची पट्टी, जॅक लावायच्या जागा आणि डिकीच्या झाकणाची खालची कड, इथे या गाडीला गंज धरतो. रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते चिकटत नाही तिथे लांबी भरलेली आहे असे समजावे. मग इंजिनावरचे तेलाचे झाकण उघडून आतून बघावे. तिथे लोण्यासारखा पांढुरका थर असला तर तेलात पाणी मिसळत असण्याची शंका घ्यावी आणि नमस्कार करून परत यावे. आमच्या गाडीचा पत्रा चांगला निघाला. छताचे कापड लोंबत होते, दाराच्या आतले अस्तर सुटले होते, पण त्याने गाडी रस्त्यात बंद पडत नाही.

बंद पडली ती वेगळ्याच कारणाने, आणि तिसऱ्याच दिवशी. वर्गाहून घरी येत होतो. लेक शेजारी बसून घड्याळांकडे बघत होती, कारण मी तिला प्रत्येक काटा काय सांगतो ते शिकवले होते. एकाएकी ती ओरडली, "बाबा, काटा वर चाललाय!" तापमानाचा काटा मधली खूण सोडून लाल भागाकडे निघाला होता. घर दोन मैलांवर होते. मी म्हणालो, "पोहोचू गं, जवळच आहे." ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलंत ना की थांबायचं? मग थांबा." मी थांबलो. बॉनेट उघडले तर वाफेचा लोट! रेडिएटरची प्लॅस्टिकची मान, जिथे वरचा रबरी पाइप बसतो, ती तडकली होती. विकणाऱ्याने "रेडिएटर नवाच आहे" म्हणून सांगितले होते.

ते दोन मैल गेलो असतो तर काय झाले असते, हे समजून घेण्यासारखे आहे. या इंजिनाचा खालचा ठोकळा बिडाचा आहे आणि वरचे डोके ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम तापले की बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते. नेहमीच्या तापमानाला दोघांचे जमते. पाणी संपून डोके फार तापले की ते वाकते, मधले गॅस्केट जाते आणि तेल-पाणी एक होते. त्या दुरुस्तीचा खर्च आमच्या गाडीच्या किमतीच्या आसपास आला असता. म्हणजे करार तिथेच मोडला असता आणि लेकीचे सहाशे डॉलर्स बुडाले असते, माझ्या दोन मैलांच्या घाईपायी.

म्हणून ही गाडी घेणाऱ्याने पहिला पैसा पाणी थंड करणाऱ्या यंत्रणेवर घालावा, असे माझे ठाम मत आहे, मग गाडी कितीही गार चालत असो. रेडिएटर, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट आणि त्याचे प्लॅस्टिकचे घर, सगळे पाइप आणि पट्टे एकदमच बदलावेत. प्लॅस्टिक वीस-पंचवीस वर्षे तापून-निवून बिस्किटासारखे झालेले असते. पंपाच्या आतला पंखाही पुष्कळदा प्लॅस्टिकचा असतो, तो धातूचा मिळतो तो घ्यावा. आम्हाला सगळे मिळून ४३० डॉलर्स पडले, मजुरी शून्य.

या कामातली एक गंमत सांगतो. पंप काढायचा तर आधी पुढचा मोठा पंखा काढावा लागतो. तो एकाच ३२ मिलिमीटरच्या नटावर बसवलेला असतो. मी पाना लावून अर्धा तास झटलो, नट हलेना. लेक पुस्तक वाचत उभी होती. "बाबा, आटे उलटे आहेत. तुम्ही आवळताय." खरेच, हा नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. माझे लहानपण कोल्हापूरच्या उद्यमनगराजवळ गेले, तिथल्या गॅरेजात पाना, आटे, वायसर, बिड हे शब्द मी शाळेच्या पुस्तकाआधी शिकलो. तेच शब्द लेकीने गाडीखाली उचलले. 'आटे गेले' हे तिच्या तोंडून ऐकल्यावर तिच्या आजीला फोनवर हसू आवरेना.

नवे पाणी भरताना आत हवा राहू देऊ नये. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकणाशेजारचा छोटा स्क्रू सैल करून हळूहळू ओतत राहायचे. तिथून बुडबुडे थांबून नुसते पाणी येऊ लागले की स्क्रू हलक्या हाताने आवळायचा, तोही प्लॅस्टिकचाच असतो. आणि हे सगळे इंजिन पूर्ण थंड असताना. लहान भावंडे किंवा कुत्रा-मांजर घरात असेल तर आणखी एक काळजी घ्या: यात मिसळायचे हिरवे-निळे द्रावण चवीला गोड पण विषारी असते. निघालेले द्रावण बादलीत उघडे ठेवायचे नाही.

मार्च २०२० मध्ये आपले वर्ग बंद पडले, सगळेच घरी बसले, आणि उरलेले काम त्या दिवसांत झाले. गाडीला मागून खट्खट् आवाज यायचा आणि वळणावर ती डुलायची. जुन्या गाडीचे असे म्हातारपण बहुतेक वेळा रबरात असते. पुढच्या आणि मागच्या दांड्यांचे रबरी बुश, शॉक ॲब्सॉर्बर आणि त्यांच्या वरच्या बैठका बदलल्या. ७८० डॉलर्स गेले, पण गाडी दहा वर्षांनी तरुण झाली. मुलांनो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एक क्षणही, हात घालायचा नाही. खाली भक्कम घोडे लावायचेच. आणि स्प्रिंग दाबून काढायचे काम आम्ही घरी केले नाही, त्यातली ताकद जीव घेऊ शकते.

ब्रेकच्या डिस्क, पॅड आणि तेल २६० डॉलर्समध्ये झाले. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे. लेक पेडलवर आणि मी चाकापाशी, "दाब... धर... सोड!" असे सगळ्या गल्लीने ऐकले.

आता हौस. लोक पहिल्यांदा गाडी खाली बसवतात आणि सायलेन्सर बदलून आवाज वाढवतात. स्प्रिंगचे वेढे कापून गाडी खाली आणणे हा तर शुद्ध वेडेपणा आहे. १९९२ ते ९५ च्या २.५ लिटर इंजिनाची हवेची मोठी नळी या इंजिनाला बसते, वरच्या फेऱ्यांत ताकद वाढते पण गावातल्या वेगात उलट थोडी कमी होते. नवशिक्या मुलीला ते कशाला? १९९६ नंतरच्या गाड्यांच्या धुराच्या तपासणीत गाडीच्या संगणकालाच यंत्र जोडतात, हेही लक्षात असू द्यावे. आम्ही एकच बदल केला. पुढच्या पिढीच्या ३-सीरिजची सोळा इंची चाके जुनी विकत मिळाली. पाच बोल्ट, १२० मिलिमीटरचे वर्तुळ, अगदी जशीच्या तशी बसली. चाके आणि २२५/५०-१६ मापाचे नवे टायर मिळून ६१० डॉलर्स.

बेरीज करून बघा: ४,६८०. उरलेल्या पैशांत छताचे कापड आणि दाराची अस्तरे आली. जुना फोम भुकटी होऊन चिकटलेला असतो, तो पूर्ण घासून काढल्याशिवाय नवे कापड टिकत नाही. हे सगळे लेकीने एकटीने केले. एका कोपऱ्यात सुरकुती आहे, ती मला दिसत नाही.

लेक आता कॉलेजात आहे. तिथे गाडी ठेवायला जागा नाही, म्हणून सध्या मी चालवतो, पण कागदावर नाव तिचे आहे. सुट्टीत ती आली की आम्ही तेल बदलणार आहोत. ज्या मुलांना बघायचे असेल त्यांनी बाईंकडे नाव द्यावे आणि येताना जुने कपडे घालून यावे.

— एक पालक