चाखावयाची बाग

मागील वर्षी एक आई आपल्या चार वर्षांच्या मुलास घेऊन माझ्याकडे आली. मुलगा दिवसाकाठी लिटरभर दूध पीत असे व बिस्किटांखेरीज काही खात नसे. हिमोग्लोबिन ७.४. दुधात लोह नगण्य आणि पोट मात्र दुधानेच भरलेले. निदानास वेळ लागला नाही. लोहाचे औषध सुरू केले, दूध दोन कपांवर आणावयास सांगितले. परंतु "हिरवे दिसले की तोंड फिरवतो, डॉक्टर," या तक्रारीवर माझ्यापाशी औषध नव्हते. त्याला दवाखान्यामागील ओट्यावरच्या कुंड्यांपाशी नेऊन पानओव्याचे एक पान हाती दिले. त्याने ते चुरगाळले, हुंगले आणि शर्टाला पुसले. खाल्ले नाही. त्या दिवशी तेवढे पुरे होते.

दोन ते सहा या वयात अनोळखी अन्नास नकार देणे हा बहुधा हट्ट नसून वाढीचा एक टप्पा असतो. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावा लागतो. ताटात या पुनरावृत्तीचे भांडण होते, बागेत तिचा खेळ होतो. स्वमग्न मुलांपैकी ज्यांना चिकट वा लवदार स्पर्श सहन होत नाही, त्यांना नुसते पाहू द्यावे. पान हातात कोंबू नये.

जागा फार लागत नाही. चार-पाच तास ऊन आणि दहा-बारा इंची कुंड्या पुरतात. आपली माळव्याची काळी माती एकटी वापरल्यास पावसाळ्यात चिखल व उन्हाळ्यात वीट होते. म्हणून दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले खत आणि एक भाग वाळू घ्यावी. ओला कचरा वेगळा काढण्याची सवय इंदूरकरांस आहेच. स्पर्शासाठी पानओवा, वासासाठी पुदिना व कढीपत्ता, चवीसाठी लाल अंबाडी. तिची आंबट बोंडे शेव-जिरावणावर वाढलेल्या आपल्या मुलांना लवकर पटतात. तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्यांची गुणगुण ऐकू येते, ती दुरूनच ऐकावी. गोकर्णाची निळी फुले गरम पाण्यात टाकून लिंबू पिळले की पाणी जांभळे होते. मात्र गोकर्णाच्या बिया रेचक असल्याने शेंगा धरू देऊ नयेत. गवती चहाची पाती बोट कापतात, तेव्हा तो मागे लावावा. कच्चे अळू घशास खाजते. या बागेत ते नकोच.

आता माझी चूक सांगतो. निवासी डॉक्टर असताना बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची, बी खाल्लेल्या एका मुलापाशी मी रात्रभर ईसीजी पाहत बसलो होतो. त्या बीतील द्रव्ये हृदयावर डिजिटालिससारखा परिणाम करतात, हे त्या रात्री कायमचे शिकलो. असे असूनही माझ्याच फाटकाशी बिट्टीचे झाड अकरा वर्षे उभे होते! शेजारची मुले तिच्या बिया खेळावयास घेतात, हे कामवाल्या मावशींनी दाखविले, तेव्हा ते तोडले. जेथे मुलांना "तोडा आणि खा" असे शिकवावयाचे, तेथे विषारी झाड एकही असता कामा नये. कण्हेर, धोतरा, एरंड, गुंज, कुंपणाचा मोगली एरंड आणि दिवाणखान्यातील शोभेचे डायफेनबाखियादेखील हलवावे. कीटकनाशक व ताजे शेण वर्ज्य. जुन्या रंगाचे डबे कुंडी म्हणून वापरू नयेत. रंगात शिसे असू शकते. पाने धुऊनच खावीत आणि मातीत खेळल्यावर साबणाने हात धुवावेत, कारण जंतांची अंडी मातीतूनच पोटात जातात.

समाजाच्या सभागृहाच्या आवारात अशी बाग करावयाची झाल्यास काही कुंड्या दोन फूट उंच ओट्यावर ठेवाव्यात, म्हणजे चाकाच्या खुर्चीतील मुलाचाही हात पोहोचतो. पाणी घालण्याचे काम एका ठरावीक व्यक्तीकडे असावे. "सर्वांचे" म्हटलेले काम मे महिन्यात कोणाचेच नसते, हा अनुभव आपल्या मंडळींस नवा नाही.

तीन महिन्यांनी त्या मुलाचे हिमोग्लोबिन ११ झाले. श्रेय औषधाचे व कमी केलेल्या दुधाचे. कुंडीतल्या चार पानांनी रक्त भरत नाही, हे पालकांना मी स्पष्ट सांगतो. परंतु आता तो आला की आधी ओट्याकडे धावतो आणि पुदिन्याचे पान चावतो. घरच्या वरणात अंबाडी चालते. मेथीला अद्याप नकार आहे.