न उचललेला हात

अशी कल्पना करा की नांदेडच्या एका शाळेचा फुटबॉल संघ लातूरला सामना खेळायला गेला आहे. सामना बरोबरीत आहे आणि शेवटची पाच मिनिटे उरली आहेत. लातूरच्या बचावपटूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू त्याच्याच गोलरक्षकाने हातात धरला. १९९२ सालापासून हा नियमभंग आहे. पंचांनी शिट्टी वाजवून नांदेडला इनडायरेक्ट, म्हणजे अप्रत्यक्ष फ्री किक दिली. अशा किकवर चेंडू दुसऱ्या कोणा खेळाडूला लागल्याशिवाय गोल होत नाही. हे सर्वांना कळावे म्हणून पंचांनी एक हात डोक्यावर सरळ उभा धरायचा असतो. पंच तो हात उचलायलाच विसरले, आणि नांदेडच्या मुलाने चेंडू थेट गोलात मारला. एकीकडे जल्लोष, दुसरीकडे आरडाओरडा. आता गोल द्यायचा का?

उत्तर वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

शिट्टी आणि हात ही दोन वेगळी साधने आहेत. उन्हाळी हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर असतो. शंभर मीटरवरच्या खेळाडूला शिट्टी सुमारे ०.३ सेकंदाने ऐकू येते. हात मात्र जवळजवळ त्याच क्षणी दिसतो. पण खरा फरक वेगाचा नाही. शिट्टी फक्त ‘थांबा’ म्हणते. पुढे काय करायचे ते हात सांगतो.

हात वर किंवा हात खाली, एवढ्या दोनच शक्यता. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये माहितीचे मोजमाप मांडले, त्यात अशा ‘हो किंवा नाही’ला एक ‘बिट’ म्हणतात. आपल्या संकेतातली अडचण येथेच आहे. हात खाली असेल तर त्याचे दोन अर्थ होतात: ‘किक थेट आहे’ किंवा ‘पंच विसरले आहेत’. पाहणाऱ्याला हे दोन अर्थ वेगळे करता येत नाहीत. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीतला दिवा लागला नाही, तर वीज गेली की बल्ब उडाला, हे नुसते पाहून कळते का? तसेच हे आहे.

रेल्वेच्या जुन्या हाताच्या सिग्नलमध्ये ही अडचण आधीच ओळखलेली होती. हात आडवा म्हणजे ‘थांबा’, खाली झुकलेला म्हणजे ‘जा’. ओढणारी तार तुटली, तर वजनामुळे हात आपोआप आडवा होई. बिघाड झालाच, तर तो सुरक्षित बाजूला झुकावा अशी ही रचना. फुटबॉलमध्ये मात्र विसरलेला हात ‘थेट गोल मारा’ अशी खोटी परवानगी देतो. म्हणून तेथे नियमानेच सांभाळून घ्यावे लागते.

तो नियम असा: पंचांनी संकेत दिला नाही आणि चेंडू थेट गोलात गेला, तर गोलही नाही आणि गोलकिकही नाही, तीच अप्रत्यक्ष किक पुन्हा घ्यायची. गोल दिला तर लातूरवर अन्याय, कारण ती किक थेट नव्हतीच. गोलकिक दिली तर नांदेडवर अन्याय, कारण हात दिसला असता तर त्या मुलाने चेंडू सोबत्याकडे दिला असता. चूक संदेश देणाऱ्याची आहे, तेव्हा संदेशच पुन्हा द्यावा. संगणकांच्या जाळ्यातही माहितीचा तुकडा वाटेत बिघडला, तर तो पुन्हा मागवतात.

मात्र चेंडू आत जाताना गोलरक्षकाच्या बोटांना जरी लागला, तरी गोल धरतात. तेव्हा हात वर असता तरी निकाल तोच लागला असता. आणि पंचांनी चूक सुधारायची ती खेळ पुन्हा सुरू होण्यापूर्वीच. त्यानंतर निर्णय बदलता येत नाही.

मोठ्या सामन्यांतही अशा चुका होतात. २२ जून २००६ रोजी स्टुटगार्ट येथे विश्वचषकाच्या क्रोएशिया–ऑस्ट्रेलिया सामन्यात पंच ग्रॅहॅम पोल यांनी योसिप शिमुनिच याला दुसऱ्यांदा पिवळे कार्ड दाखवले, पण बाहेर काढले नाही. तो तिसऱ्या पिवळ्या कार्डानंतर बाहेर गेला. कार्ड हजारो लोकांनी पाहिले होते. नोंद मात्र चुकली होती. पाहणारे पुष्कळ असून भागत नाही, वेळेवर बोलणाराही लागतो.

म्हणून खेळाडूंनो, शंका आली तर किक मारण्यापूर्वीच विचारा, “सर, डायरेक्ट की इनडायरेक्ट?” हा उद्धटपणा नव्हे, संदेश नीट पोचला की नाही याची ती तपासणी आहे. आणि शाळेत पंचाचे काम करणाऱ्या शिक्षकांनी असा प्रश्न आला, तर रागावू नये. एका सेकंदाच्या उत्तराने पुढचा सारा वाद वाचतो.

करून पाहा: तुमच्या घरात आणि शाळेत ‘काही न होणे’ हाच ज्यांचा संदेश असतो असे पाच संकेत शोधा. त्यांतला प्रत्येक संकेत बिघडला, तर तो कोणत्या बाजूला झुकेल, तेही लिहा.