लाली विझल्यानंतर

शिरोली एमआयडीसीतील एखाद्या फौंड्रीत साचा फोडून काढलेले कास्टिंग आपण पाहिले असेल. प्रथम ते लालभडक असते. थोड्या वेळाने लाली जाते, लोखंड काळे दिसते. पण हात जवळ नेला की धग लागते. डोळ्यांना दिसत नसले तरी अवरक्त किरण येतच असतात. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, हे तिथला कामगार पक्के जाणतो. गॅमा किरण स्फोटांचा शोध घेणाऱ्यांनाही हेच ध्यानात ठेवावे लागते.

प्रचंड तारा कोसळताना किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळताना हे स्फोट होतात. गॅमा किरणांचा झोत बहुधा काही सेकंदांत संपतो. मात्र जवळजवळ प्रकाशवेगाने सुटलेले द्रव्य भोवतालच्या वायूवर आदळून क्ष-किरणांपासून रेडिओ लहरींपर्यंतचे प्रारण देत राहते. ही उत्तरदीप्ती. ती तापलेल्या लोखंडाच्या उजेडासारखी नसते. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून ती निघते. तीही झपाट्याने मंदावते, म्हणून शोधाची घाई.

८ मे १९९७ च्या स्फोटाची उत्तरदीप्ती वेळेत सापडली आणि तिच्या वर्णपटावरून तो काही अब्ज प्रकाशवर्षे दूर असल्याचे ठरले. हे मोजणाऱ्या कॅल्टेकच्या गटात कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते.

पण काही उत्तरदीप्ती दृश्य प्रकाशात सापडतच नाहीत. असे का व्हावे? एक कारण धूळ. ती निळा प्रकाश जास्त अडवते, अवरक्त कमी. दुसरे कारण अंतर. वाटेतला हायड्रोजन १२१.६ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरी शोषतो, आणि विश्वाच्या प्रसरणाने ही सीमाही ताणली जाते. २३ एप्रिल २००९ चा स्फोट घ्या. त्याच्या लहरी ९.२ पट ताणल्या गेल्या होत्या. १२१.६ ला ९.२ ने गुणा: सुमारे १,११९ नॅनोमीटर! आपली दृष्टी ७०० च्या आसपास संपते. दृश्य प्रकाशात काहीच नव्हते. हवाईतील अवरक्त दुर्बिणीला मात्र सुमारे २० मिनिटांत उत्तरदीप्ती दिसली. तो प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय जेमतेम ६३ कोटी वर्षे होते. आज ते १,३८० कोटी आहे. धूळ प्रकाश हळूहळू मंद करते, हायड्रोजन एका सीमेवर तोडतो. यावरून दोन्ही कारणे ओळखता येतात.

अवरक्त वेधांत एक अडचण असते: कॅमेरा स्वतःच उबदार असेल तर त्याचेच किरण चित्रात येतात. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिरकॅम-२ हा अवरक्त कॅमेरा हेलियमच्या साहाय्याने अतिशीत ठेवला जातो. जुन्नरजवळच्या गिरवली वेधशाळेतही तो वापरला गेला आहे.

वर्गात एक प्रयोग करा. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही. पुष्कळशा मोबाइलच्या पडद्यावर मात्र जांभळट ठिपका उमटतो. मग मुलांना विचारा: ठिपका आधी नव्हता का?